घर, चूल आणि श्रद्धा : 'स्मृतिचित्रे' नेकारसुल्ममध्ये वाचताना

नेकारसुल्म किंवा शेजारच्या हाइलब्रोनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही दिवसांतच राटहाउसमध्ये जाऊन नावनोंदणी करावी लागते. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. आपल्यापैकी बहुतेक जण तिथे आडवी रेघ मारून पुढे जातात. तो रकाना श्रद्धेची चौकशी करीत नाही, कराची करतो. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल चर्चचा सभासद असलेल्या माणसाला आपल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात प्राप्तिकराच्या आठ टक्के इतका चर्चकर भरावा लागतो.

या गावाचा धर्मही एके काळी असाच वरून ठरला होता. १४८४ पासून १८०५ पर्यंत नेकारसुल्म जर्मन धर्मवीरांच्या संघाच्या, म्हणजे 'डॉइचर ओर्डेन'च्या ताब्यात होते, म्हणून ते कॅथलिक राहिले. त्या संघाच्या वाड्यात आता दुचाकींचे संग्रहालय आहे. हाकेच्या अंतरावरचे हाइलब्रोन स्वतंत्र नगर होते, ते सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट झाले. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने तर ज्याचे राज्य त्याचा धर्म हे सूत्रच पक्के केले. प्रजेच्या मनात काय आहे, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

मग मनातली श्रद्धा असते कुठे? देवळात, चर्चमध्ये, ग्रंथात, की स्वयंपाकघरात? या प्रश्नाचे मराठीतले एक उत्तर आपल्या जवळपास प्रत्येकाच्या परिचयाचे आहे, पण ते उत्तर म्हणून आपण क्वचितच वाचतो. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. या पुस्तकाबद्दल नवे काही लिहायचे म्हणजे धाडसच. तरीही मला असे वाटते, की आपण 'स्मृतिचित्रे' भरपूर वाचले, त्याच्यावर भरपूर प्रेम केले, आणि त्याचा गाभा मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला. हे पुस्तक रोजच्या जगण्यात श्रद्धा कशी वाढते, याचे आहे. तसे ते वाचले तर काय हाती लागते, ते या लेखात पाहू.

विनोदाच्या आड

शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांमुळे लक्ष्मीबाई आपल्याला भेटल्या त्या एक हजरजबाबी, खुसखुशीत बाई म्हणून. बाजारात पाठवले की भलतीच वस्तू घेऊन येणारे, हातातले पैसे समोरच्याला देऊन मोकळे होणारे, क्षणात रागावणारे नि क्षणात विरघळणारे टिळक, आणि त्या वादळात संसाराची नाव हाकणारी त्यांची बायको. हे चित्र खोटे नाही. पण एवढ्यावर थांबले की पुस्तक एक गोड कौटुंबिक करमणूक होऊन बसते. टिळकांचे धर्मांतर हा त्यात एक 'प्रसंग' उरतो आणि लक्ष्मीबाईंचे धर्मांतर तर जणू नवऱ्याच्या मागून ओघानेच झालेले. हिंदू वाचकाला तेवढेच सोयीचे वाटते. ख्रिस्ती प्रचारकाला उलट बाजूने सोयीचे वाटते, त्याला शेवटच्या बाप्तिस्म्याशीच कर्तव्य असते. दोघेही मधली वाट वाचत नाहीत. पुस्तकाचे सगळे मोल त्या मधल्या वाटेत आहे.

ज्यांच्या हाती पुस्तक आलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती देतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले. अकराबारा वर्षांच्या असताना नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, पंडित, वक्ते आणि स्वभावाने वारा. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे नातेवाइकांकडे, मुख्यतः पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. मग त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपली चूल सांभाळून. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई १९३६ साली. 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले, म्हणजे शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतरचा. शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेल्या बाईने साठी ओलांडल्यावर लिहिलेले हे पुस्तक आहे.

सोवळे आणि भीती

पुस्तकाची सुरुवात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होते, आणि ही सुरुवात नुसती गमतीची नाही. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, कुणाचा स्पर्श नको, घरातल्या बायकामुलांनी सतत ओलेत्याने वावरायचे. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. पण नीट पाहिले तर त्या पहिल्या पानांतच एक गंभीर विधान करून जातात. त्यांच्या घरातले सोवळे भक्तीतून आलेले नव्हते, ते भीतीतून आले होते. जगाने एकदा असा घाव घातला की मग माणूस जगच धुऊन काढू लागला.

हा धागा हाती धरला की पुढचे सगळे पुस्तक उलगडते. लक्ष्मीबाईंचा आध्यात्मिक प्रवास हा हिंदू देवाकडून ख्रिस्ती देवाकडे असा दोन मुक्कामांचा नाही. तो भीतीकडून विश्वासाकडे आहे. आणि तो वाचनातून, वादविवादातून, प्रवचनातून होत नाही. तो पाण्याच्या भांड्यापासून सुरू होतो.

नवऱ्याकडे परतल्यावर त्या आपले वेगळे रांधतात, वेगळे पाणी भरतात. एकाच छपराखाली दोन धर्म, दोन चुली. अशा स्थितीत एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो, की ही जात नक्की कुणी केली, देवाने की माणसाने? प्रश्न साधा आहे, ग्रंथातला नाही. उत्तर मिळताच त्या ते पोटाला लावून पाहतात, यापुढे कुणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. धर्म बदलण्याचा निर्णय त्यानंतरचा. म्हणजे आधी स्पर्श बदलला, मग श्रद्धा बदलली. सगळी अध्यात्माची पुस्तके याच्या उलटा क्रम सांगतात. आधी मन शुद्ध करा, मग आचरण सुधारेल. लक्ष्मीबाईंच्या अनुभवात हात पुढे गेला आणि मन त्याच्या मागून आले.

मराठीतल्या इतर धर्मांतरकथांशी तुलना केली तर हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र पाहा. तिथे एक बुद्धिमान तरुण ग्रंथ वाचतो, शंका घेतो, चर्चा करतो आणि निष्कर्षाला येतो. खुद्द टिळकांची कथाही याच जातीची. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. गिरिप्रवचनापाशी आल्यावर ते थबकले, आणि दोन वर्षांत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा पुरुषांचा मार्ग होता, कारण ग्रंथ, प्रवास आणि चर्चा पुरुषांच्याच वाट्याला होत्या. बाईच्या वाट्याला पाणी, पीठ आणि मुले होती. लक्ष्मीबाईंनी त्याच सामग्रीतून आपले धर्मशास्त्र उभे केले.

संताच्या बायकोच्या हाती लेखणी

टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. त्यांच्या अभंगांत वारकरी भक्तीचा सूर आहे, आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा असावी, असे त्यांचे स्वप्न होते. मोठा माणूस, यात शंका नाही.

पण संताच्या घरी कोण राहते? आपल्या परंपरेत तुकारामांची बायको आवली ही कजाग म्हणून रंगवली गेली. तो विठ्ठलात रंगलेला, ती पोरांच्या तोंडी काय घालू म्हणून ओरडणारी. कीर्तनात तिच्यावर हशा पिकतो. आवलीला लिहिता आले असते तर तिने काय लिहिले असते? माझ्या मते 'स्मृतिचित्रे' हे त्या प्रश्नाचे मराठीतले पहिले सविस्तर उत्तर आहे. इथे लेखणी संताच्या बायकोच्या हाती आहे. एका माणसाच्या आध्यात्मिक उन्नतीची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसांना किती मोजावी लागते, याचा हिशेब ती मांडते.

आणि तो हिशेब ती सूडाने मांडत नाही, हे या पुस्तकाचे खरे आश्चर्य. नवऱ्याने विचारल्याशिवाय धर्म बदलला, लहान मुलाला घेऊन ती पोरकी झाली, नातेवाइकांच्या दारात दिवस काढले. पंढरपुरात, साक्षात विठोबाच्या गावात, तिची झोप उडाली आणि तिच्या काही आरंभीच्या कविता त्या दुःखातून आल्या. हे सारे ती लपवत नाही. पण त्याच माणसाच्या हातून किती अनाथ मुलांना छप्पर मिळाले, त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे आपले बालकवी याच घरात मुलासारखे कसे राहिले, हेही ती तितक्याच मोकळेपणाने सांगते. ठोंबरे हिंदूच राहिले आणि घर त्यांचेही राहिले. राग आणि आदर एकाच वाक्यात नांदतात. एखाद्याला क्षमा करायची तर त्याने केलेले विसरायला हवे, असे आपण मानतो. लक्ष्मीबाई काहीही विसरत नाहीत, आणि तरी त्यांच्या मनात कडवटपणा नाही. क्षमा या ख्रिस्ती मूल्याचे याहून पटणारे उदाहरण मराठीत मला तरी माहीत नाही, आणि त्यासाठी त्यांनी 'क्षमा' या शब्दावर एकही प्रवचन दिलेले नाही.

पुढे त्यांनी टिळकांचे अपुरे राहिलेले ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. ज्या श्रद्धेने एके काळी संसार मोडला, त्याच श्रद्धेचे काव्य त्यांनी विधवापणी पुरे केले. नवऱ्याची सावली म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रोजचे वचन आणि रोजचे पाणी

आपण राहतो त्या वुर्टेम्बर्गमध्ये रोजच्या जगण्यातल्या श्रद्धेची स्वतःची एक जुनी परंपरा आहे. तिला पिएटिझम म्हणतात. डेंकेनडॉर्फच्या मठशाळेत शिकवणारे योहान आल्ब्रेख्ट बेंगेल हे तिचे एक मोठे नाव. चर्चच्या वेदीपेक्षा घरातला बायबलचा पाठ, शांतपणे केलेले आत्मपरीक्षण आणि प्रामाणिक कष्ट यांवर या मंडळींचा भर. तिकडे झाक्सनमधल्या हेर्नहुट गावी १७३१ पासून 'लोझुंगेन' नावाची रोजच्या वचनांची छोटी पुस्तिका निघते, ती आजही निघते. जुन्या करारातले वचन चिठ्ठी टाकून काढायचे आणि नव्या करारातले त्याला जुळेल असे निवडायचे. शेजारच्या एखाद्या आजींच्या न्याहारीच्या टेबलावर ही पुस्तिका दिसू शकेल. आपल्याकडे रोज ज्ञानेश्वरीची एक ओवी वाचणारी माणसे असतात, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

या परंपरेतून एक प्रकारचे आध्यात्मिक लेखन जन्माला आले. आज मी कुठे चुकलो, माझे मन किती पुढे गेले, याचा रोजनिशीतला जमाखर्च. 'स्मृतिचित्रे' त्या शेजारी ठेवून वाचले की फरक लगेच कळतो. लक्ष्मीबाई आपल्या आत्म्याची नाडी सतत बघत नाहीत. आपण पूर्वी कशा होतो आणि आता कशा आहोत, असा तक्ता मांडत नाहीत. त्यांची वाढ वाचकाला दिसते, त्या स्वतः ती दाखवत नाहीत. पुस्तकाच्या आरंभीची सोवळ्यात गुरफटलेली मुलगी आणि पुढे प्लेगच्या दिवसांत परक्या रुग्णांची शुश्रूषा करणारी बाई या एकच आहेत, हे अंतर आपणच मोजायचे.

दोन्ही रीतींचे आपापले गुण आहेत. रोजच्या आत्मपरीक्षणाने माणूस सावध राहतो, पण स्वतःतच अडकण्याचा धोका असतो. लक्ष्मीबाईंच्या रीतीत तो धोका नाही, कारण त्यांचे लक्ष सतत दुसऱ्याकडे आहे, कुणाला काय हवे, कोण उपाशी आहे, कोण रडते आहे. मात्र त्यामुळे काही जागी वाचक उपाशी राहतो. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना आतून काय वाटले, त्या प्रार्थना कशी करीत, शंका आल्या तेव्हा काय केले, याबद्दल त्या फार थोडे बोलतात. हा संकोच त्या पिढीच्या बाईला शोभणाराच आहे, पण वाचणाऱ्याला तिथे थोडे अधिक हवे होते असे वाटते.

उणिवा

पुस्तकावर प्रेम असले तरी उणिवा सांगायला हव्यात. शेवटचा भाग आधीच्या भागांच्या तोडीचा नाही. टिळक गेल्यावर कथेचा ताण सैल पडतो आणि प्रसंग सुटे सुटे होतात. काळाचा क्रम अनेक ठिकाणी आठवणींच्या लहरीवर चालतो.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. त्या काळच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यासाठी धर्मांतर म्हणजे सोवळे सोडणे नव्हते, तर पाणवठ्यावर आणि शाळेच्या ओट्यावर माणूस म्हणून उभे राहता येणे होते. लक्ष्मीबाईंनी या लोकांना जवळ केले, त्यांच्या हातचे खाल्ले, त्यांची मुले वाढवली. पण पुस्तकात ही माणसे बहुधा घेणारी म्हणून येतात, बोलणारी म्हणून कमी. ब्राह्मण घरातल्या बाईने पाण्याचे भांडे स्वीकारले ही मोठी गोष्ट खरीच. पण ज्याच्या हातचे पाणी पिढ्यान् पिढ्या नाकारले गेले, त्याची श्रद्धा कशी घडली, हे 'स्मृतिचित्रे'तून कळत नाही. मराठी ख्रिस्ती अनुभव म्हणजे 'स्मृतिचित्रे' असे समीकरण आपण मांडतो, ते म्हणून अपुरे आहे. दोष पुस्तकापेक्षा आपल्या वाचनाचा जास्त आहे, कारण एका पुस्तकावर आपण समाधानी राहिलो.

हे साहित्य कुणाचे?

मराठीतले ख्रिस्ती लेखन हे आपले की बाहेरचे, हा प्रश्न परदेशातल्या गप्पांतही अधूनमधून निघतो. उत्तर शोधायला फार लांब जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठी भाषेचे मनःपूर्वक कौतुक. अहमदनगरला १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू झाले, पुढे टिळक त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे 'निरोप्या' हे मराठी मासिक १९०३ साली सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मन होते. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. जर्मन माणूस नगर जिल्ह्यात जाऊन मराठीत मासिक काढतो, आणि शंभर वर्षांनी मराठी माणूस नेकारसुल्ममध्ये बसून मराठीत स्मरणिका काढतो, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अलीकडच्या काळातले मोठे नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईचे हे धर्मगुरू हरित वसईच्या लढ्यात उतरले आणि 'सुबोध बायबल'मधून त्यांनी शास्त्राला आजच्या मराठीचा सहज आवाज दिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हा मान मिळवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीवर विरोधाचे सूरही उमटले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे एखादे पुस्तक उघडून पाहिले होते, हा प्रश्न उरतोच. भाषा ही धर्माच्या रकान्यात बसवता येत नाही, एवढे तरी स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंतच्या चारशे वर्षांनी आपल्याला शिकवायला हवे होते.

आपल्यासाठी

परदेशात आलेल्या मराठी कुटुंबात 'स्मृतिचित्रे' वेगळेच बोलू लागते, असे मला वाटते. इथे प्रत्येक घरात दोन चुली असतात. एक आईवडिलांकडून आलेल्या आचारांची, दुसरी इथल्या जगण्याची. मुले किंडरगार्टनमध्ये सांक्ट मार्टिनचा कंदील करतात आणि घरी गणपतीची आरती म्हणतात. त्यातले काय जपायचे आणि काय सोडायचे, हे आपण रोज ठरवत असतो, बहुतेक वेळा घाईत. लक्ष्मीबाई इथे एक कसोटी हाती देतात. जे जपतो आहोत ते प्रेमापोटी की भीतीपोटी? आपली मुले आपल्यापासून दूर जातील, चार लोक काय म्हणतील, आपण कुणीच उरणार नाही, अशा भीतीपोटी धरून ठेवलेला आचार सोवळ्यासारखा होतो, तो आपल्यालाच जखडतो. प्रेमापोटी जपलेली गोष्ट दुसऱ्याला जागा देते. ही कसोटी ख्रिस्ती माणसाला जितकी लागू आहे तितकीच हिंदूला, आणि काहीच न मानणाऱ्यालाही.

ज्यांच्या मुलांना मराठी वाचणे जड जाते, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. पण शक्य असेल तर मूळ मराठीच घ्या आणि एखादे प्रकरण मोठ्याने वाचा. लक्ष्मीबाई बोलतात तसे लिहितात, त्यामुळे हे पुस्तक डोळ्यांपेक्षा कानांना अधिक गोड लागते. आपल्या मंडळाच्या हिवाळी बैठकीत पहिल्या भागातले सोवळ्याचे प्रकरण आणि जात सुटल्याचा प्रसंग एकामागून एक वाचले, तर हशाही होईल आणि चर्चाही. ती चर्चा धर्म कोणता श्रेष्ठ यावर न जाता, आपल्या घरात कुणाच्या हातचे पाणी अजून चालत नाही, यावर गेली तर लक्ष्मीबाईंचे पुस्तक आपण खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणता येईल.